फुगा बघा, मग नॉबला हात लावा: ब्लोन फिल्मच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

दुधाची पिशवी, नव्या गादीवरचं आवरण, साडीचं कव्हर, शेतात अंथरतात ती काळी मल्चिंग फिल्म, पावसाळ्याच्या तोंडावर छपरावर घालतात तो प्लास्टिकचा कागद. यातला बहुतेक माल उभ्या फुग्यातून तयार होतो. वितळलेलं प्लास्टिक गोल फटीतून नळीच्या रूपात वर काढायचं, आत हवा भरून ती नळी फुगवायची, बाहेरून वारा देऊन थंड करायची, वर नेऊन चपटी करायची आणि रोलवर गुंडाळायची. यालाच ब्लोन फिल्म म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण हा फुगा आठ तास एकाच रुंदीत आणि एकाच जाडीत उभा ठेवायचा म्हणजे कसब लागतं.

आयटीआय किंवा डिप्लोमा करून वसई, भिवंडी, साकीनाका, तुर्भे अशा ठिकाणी पहिल्यांदाच या मशीनवर उभे राहणाऱ्यांसाठी मी हे लिहितोय. स्वतःचं छोटं मशीन टाकायच्या विचारात असलेल्यांनाही उपयोग होईल. समोर एक थराचं साधं मशीन आहे असं धरलंय. तीन किंवा पाच थरांच्या मशीनला एक्स्ट्रूडर (दाणा वितळवून पुढे ढकलणारे भाग) जास्त असतात आणि डाय (वितळ जिथून नळी होऊन निघते तो गोल फटीचा भाग) गुंतागुंतीची असते, पण फुग्याचं वागणं तेच असतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नवीन माणसाची नजर पॅनेलवरच्या आकड्यांवर असते. मशीनमध्ये काय चाललंय ते आधी फुग्यावर दिसतं, आकड्यांवर नंतर. फुग्यावर जिथे पारदर्शक वितळ थिजून किंचित धुरकट होते ती आडवी रेषा, म्हणजे फ्रॉस्ट लाइन, वाचता आली की अर्धं काम आलं. आणि एका वेळी एकच बदल करून, त्याचा परिणाम पूर्ण दिसेपर्यंत थांबायची सवय लागली की उरलेलंही येतं.

जागा

मशीन बघायला जाण्याआधी गाळ्यात टेप घेऊन जा. फुगा उभा वाढतो, आणि वर पोहोचेपर्यंत फिल्म पुरेशी गार व्हायला हवी. त्यामुळे इथे लांबीपेक्षा उंची महत्त्वाची. मुंबईतल्या बहुमजली इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये उंच टॉवरचं मशीन बसवणं अवघड जातं. वसईच्या वालीव-सातिवलीकडे किंवा भिवंडीच्या शेडमध्ये ही अडचण कमी असते. एचएमचं, म्हणजे कडक, चुरचुर आवाजाच्या पॉलिएथिलीनचं, मशीन असेल तर उंचीचा हिशोब आणखी काटेकोर करा, कारण त्याचा फुगा आधी बराच वेळ बारीक मानेने वर जातो आणि मग फुगतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. गाळ्यात उकडतं म्हणून कोणीतरी स्टँडचा पंखा लावतं, किंवा दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की शटर अर्धं वर करतं. तो झोत फुग्याच्या एका अंगाला लागला की ते अंग लवकर थिजतं. थिजलेला भाग पुढे ताणला जात नाही, म्हणून तिथे फिल्म जाड राहते आणि उलट अंगाला पातळ होते. मग डायचे बोल्ट फिरवत बसायची वेळ येते, आणि डायचा काही दोष नसतोच. फुग्याभोवती आडोसा करा. माणसांना पंखा हवाच, पण त्याचं तोंड फुग्याकडे नको.

फुग्याला बाहेरून वारा देणाऱ्या एअर रिंगच्या ब्लोअरची हवा कुठून घेतली जाते तेही बघा. एप्रिल-मेमध्ये ब्लोअर जर बॅरलच्या (ज्यात स्क्रू फिरून दाणा वितळतो त्या नळकांड्याच्या) शेजारची तापलेली हवाच ओढत असेल तर फुगा गार होणार नाही, आणि मशीनची ताकद असूनही उत्पादन कमी ठेवावं लागेल. थंड हवेसाठी चिलर लावला असेल तर पावसाळ्यात त्याच्या नळ्यांवर दव धरतं. ते पाणी एअर रिंगमध्ये उतरता कामा नये.

दाणा

कच्चा माल बहुधा २५ किलोच्या गोणीत येतो. कारखान्यात त्याला दाणाच म्हणतात. रायगडमधल्या नागोठण्यातही पॉलिएथिलीन बनतं, शिवाय आयातीचा मालही बाजारात भरपूर असतो. तुम्हाला मुख्यतः तीन नावं ऐकू येतील. एलडी मऊ, स्वच्छ दिसणारं आणि फुगा धरायला सगळ्यात सोपं. शिकायची सुरुवात यावरच करा. एलएल, म्हणजे एलएलडीपीई, ताकदीला आणि सीलला चांगलं, पण वितळल्यावर त्याचा फुगा लवचीक आणि अस्थिर असतो, म्हणून बरेच जण एलडीत मिसळून चालवतात. आणि एचएम कडक, चुरचुर आवाज करणारं, पातळ करूनही टिकणारं.

गोणीवरचा ग्रेड वाचायची सवय लावा. त्या ग्रेडच्या माहितीपत्रकात एमएफआय आणि घनता दिलेली असते. एमएफआय म्हणजे वितळ किती सहज वाहते त्याचं माप. पॅकेजिंगच्या साध्या पातळ फिल्मला एलडी साधारण २ ते ४ एमएफआयचं वापरतात, जाड आणि दणकट फिल्मला १ च्या खालचं. इंजेक्शन मोल्डिंगचा जास्त एमएफआयचा दाणा चुकून हॉपरमध्ये, म्हणजे मशीनवर दाणा ओततात त्या नरसाळ्यात, गेला तर फुगा उभाच राहत नाही, खाली बसतो. गोण्या शेजारी शेजारी ठेवल्या असतील तर ही चूक सहज होते, म्हणून ग्रेडप्रमाणे थप्प्या वेगळ्या लावा.

पॉलिएथिलीन स्वतः ओल धरत नाही. पण काळ्या मास्टरबॅचला (रंगाच्या दाण्याला) आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या फिलरला (भरीच्या मालाला) ओल लागते. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धी उघडी राहिलेली फिलरची गोण दुसऱ्या दिवशी वापरलीत तर फिल्मवर फिल्मच्याच दिशेने ओढलेले बारीक बुडबुडे दिसतील. गोणीचं तोंड बांधून ठेवा, आणि शंका आली तर हॉपर ड्रायर लावून दाणा गरम हवेवर वाळवून घ्या.

मशीनच्या कडांचा आणि सुरुवातीचा वेस्ट पुन्हा दाणा करून वापरता येतो. त्याला रिप्रो म्हणतात. स्वतःच्याच स्वच्छ मालाचा रिप्रो थोड्या प्रमाणात, प्रत्येक बॅचला तेवढाच, असा घातला तर चालतो. बाहेरून आणलेला, आत काय आहे ते माहीत नसलेला रिप्रो अन्नाच्या पिशवीत घालू नका. अन्न, औषध आणि पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या पॉलिएथिलीनसाठी आयएस १०१४६ हे भारतीय मानक आहे. दाणा घेताना पुरवठादाराकडून त्याचं पत्र मागून घ्या.

ऑर्डर घेताना कायदाही लक्षात असू द्या. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरी बॅगवर बंदी आली, जाडी कितीही असली तरी. देशपातळीवर ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरी बॅग चालत नाही. दुकानदार ‘सगळे बनवतात’ म्हणून पातळ हँडलच्या पिशव्या मागेल, तेव्हा नाही म्हणा. २६ जुलै २००५ ला मुंबईने तुंबलेली गटारं आणि नाले पाहिलेत, आणि त्यांत अडकलेल्या पातळ पिशव्याही पाहिल्यात. पॅकेजिंगच्या फिल्मला, दुधाच्या पिशवीला, शेतीच्या फिल्मला वेगळे नियम आहेत. कारखाना सुरू करण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि नोंदणी यांची चौकशी आधी करा, मशीन नंतर बुक करा.

मशीन सुरू करण्याआधीचा हिशोब

ऑर्डर बहुधा इंचात आणि गेजमध्ये येते. १०० गेज म्हणजे जवळपास २५ मायक्रॉन. समजा १६ इंच रुंद, २०० गेजची एलडीची नळी हवी आहे. म्हणजे चपटी रुंदी ४०६ मिलिमीटर आणि जाडी साधारण ५० मायक्रॉन.

चपट्या रुंदीला १.५७ ने भागलं की फुग्याचा व्यास मिळतो: ४०६ चे सुमारे २५९ मिलिमीटर. तुमची डाय १०० मिलिमीटरची असेल तर फुगा डायच्या जवळजवळ २.६ पट फुगतोय. याला ब्लो अप रेशो म्हणतात. एलडीला २ ते ३ च्या आत राहिलात तर फुगा शांत असतो आणि फिल्म दोन्ही दिशांना बरी ताकद धरते. एचएमला ४ आणि त्याच्याही वर जातात. याच डायवर कोणी तीस इंच एलडी मागितली तर हिशोब ४.८ च्या पुढे जातो. तेव्हा मोठी डाय लावायची, फुगा ताणायचा नाही.

आता वजन. नळीला दोन भिंती, म्हणून एका मीटरचं वजन असं: रुंदी ०.४०६ मीटर गुणिले २ गुणिले ५० मायक्रॉन गुणिले घनता. एलडीची घनता ०.९२ धरली तर मीटरला साधारण ३७ ग्रॅम. निप रोल (वर नळी चपटी दाबून ओढणारे रोल) मिनिटाला २० मीटर ओढत असेल तर तासाला जवळपास ४५ किलो माल. हे तीन आकडे, म्हणजे मीटरचं वजन, ओढण्याचा वेग आणि तासाचं उत्पादन, खडूने मशीनशेजारच्या पाटीवर लिहून ठेवा. रात्रपाळीत जाडी बरोबर आहे का ते कळायला मायक्रोमीटरच हवा असं नाही. एक मीटर नळी कापून काट्यावर ठेवली की झालं. ३७ च्या ऐवजी ४१ ग्रॅम आली तर गिऱ्हाइकाला किलोमागे कमी पिशव्या जातायत. ३३ आली तर पिशवी फाटणार.

तापवणं

बॅरलवर पट्ट्यांचे हीटर असतात, पुढे जाळीचा भाग, ॲडॅप्टर (बॅरल आणि डाय जोडणारा भाग) आणि डाय. एलडीसाठी मागच्या झोनला १४०-१५० अंश सेल्सिअस, पुढे चढत चढत डायवर १६५ ते १७५ च्या आसपास ठेवा. एलएलला १८० ते २१०, एचएमला १९० ते २२०. नेमका आकडा ग्रेडच्या माहितीपत्रकावरून घ्या.

कंट्रोलरने आकडा गाठला म्हणजे मशीन तयार झालं असं समजू नका. थर्मोकपल लोखंडाच्या एका जागेचं तापमान सांगतो. डायच्या पोटातलं कालचं थिजलेलं प्लास्टिक अजून घट्ट असू शकतं. आकडा आल्यानंतरही थांबा, मोठ्या डायला जास्त थांबा. घाईत स्क्रू फिरवला तर दाब चढतो, ॲडॅप्टरचे बोल्ट ताणले जातात आणि स्क्रूही तुटू शकतो. सुरू करताना डायच्या अगदी वर वाकून कधीही बघू नका, बाजूला उभे राहा. अडकलेली हवा कधीकधी गरम वितळीसकट उडते.

तापवत असताना हॉपरखालच्या घशाचं पाणी चालू आहे ना ते बघा. ते बंद राहिलं तर दाणा तिथेच चिकटून गठ्ठा बसतो आणि स्क्रू रिकामा फिरतो. जाळी बदलायची असेल तर आत्ताच. जाडसर जाळी ब्रेकर प्लेटला (जाळीला आधार देणाऱ्या भोकांच्या तबकडीला) टेकून आणि बारीक जाळी तिच्यापुढे, स्क्रूच्या बाजूला. उलटी लावली तर बारीक जाळी दाबाखाली फाटते आणि कचरा थेट फिल्ममध्ये येतो.

फुगा उभा करणं

हे काम दोघांचं. हातात उष्णतेचे मोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बंद बूट. सैल ओढणी, मनगटातला दोरा, लोंबणारं ओळखपत्र काढून ठेवा. वर निप रोल फिरत असतो आणि त्यात काही सापडलं तर तो थांबत नाही.

स्क्रू अगदी हळू सुरू करा. डायच्या गोल फटीतून वितळ आधी एखाद्या बाजूने बाहेर येते, मग सगळीकडून. पहिला माल काळसर, पिवळट असतो. तो कापून बाजूला टाका. एकसारखी स्वच्छ वितळ यायला लागली की ती चारही बाजूंनी गोळा करून मध्ये एकत्र दाबायची. मोज्यातूनही हाताला ऊब जाणवते. त्या गाठीला आदल्या दिवशीची फिल्म किंवा वरून खाली आणलेला दोर बांधा. दुसरा माणूस वर निप रोलपाशी असतो. तो दोर हळूहळू ओढायला लागला की खालच्याने डायच्या मधल्या भोकातून थोडी थोडी हवा सोडायची. फार लवकर हवा दिली तर गाठ फुटते, फार उशिरा दिली तर नळीच्या भिंती आतून एकमेकींना चिकटतात. वितळ गाठीपासून खाली बोटभर ओढली गेलेली दिसली की हवा सोडायची वेळ झाली असं समजा.

दोर निपमधून गेला, नळी वर पोहोचली की निप बंद करा. आता आतली हवा कोंडली गेली. खाली डायची वितळ आणि वर निप, यांच्यामध्ये ती अडकून राहते. मग एअर रिंगचा वारा थोडा थोडा वाढवत न्या, हवा भरत रुंदी हव्या मापाच्या जवळ आणा, स्क्रू आणि निपचा वेग आळीपाळीने चढवा. प्रत्येक पायरीवर फुगा शांत होऊ द्या. पहिल्यांदा बराच वेस्ट जाईल. तो जाऊ द्या, घाईने वाइंडरला (फिल्म रोलवर गुंडाळणाऱ्या भागाला) लावू नका.

फ्रॉस्ट लाइन

आता दोन पावलं मागे या आणि नुसतं बघा. डायजवळ वितळ काचेसारखी स्वच्छ दिसते. वर जाताना ती रुंदावते, पातळ होते, आणि एका उंचीवर तिची चमक जाऊन धूसरपणा येतो. तीच फ्रॉस्ट लाइन. तिच्या वर फिल्म घट्ट झालेली असते आणि रुंदी ठरलेली असते. खाली ती अजून मऊ आहे, म्हणून सगळी ओढाताण तिथेच होते. एचएममध्ये धूसरपणा ठळक दिसतो, स्वच्छ एलडीत नीट बघावं लागतं. पलीकडे ट्यूबलाइट असेल तर लवकर सापडतो.

स्क्रूचा वेग वाढवला तर जास्त गरम माल येतो आणि रेषा वर सरकते. एअर रिंगचा वारा वाढवला तर ती खाली येते. वितळीचं तापमान वाढलं तरी वर जाते. बऱ्याच नव्या लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी, की रेषा वर सरकली तर आत तेवढीच हवा असूनही फिल्म थोडी रुंद होते. खालची अरुंद मान लांबली म्हणजे तिच्यात हवा कमी मावते, आणि ती हवा वरच्या भागात जाते. त्यामुळे दुपारी गाळा तापला, रेषा चढली आणि रुंदी दोन-चार मिलिमीटर वाढली, तर आतली हवा काढू नका. आधी वारा वाढवून रेषा जुन्या जागेवर आणा, रुंदी आपोआप परत येईल. हवा काढलीत तर संध्याकाळी गारवा आल्यावर रुंदी उलट कमी पडेल आणि पुन्हा हवा भरावी लागेल.

म्हणूनच चांगला माल सुरू असताना रेषा किती उंचीवर आहे ते टॉवरच्या खांबावर खुणेने नोंदवून ठेवा. पुढच्या वेळी त्याच ऑर्डरला ती खूण सगळ्यात आधी कामाला येते.

रेषा सगळीकडे एका पातळीत आहे का, हेही बघा. एका बाजूला चढलेली आणि दुसऱ्या बाजूला उतरलेली असेल तर डाय असमान तापलीये, एअर रिंग वाकडी बसलीये किंवा कुठून तरी वारा लागतोय. हे तिन्ही तपासून झाल्याशिवाय डायच्या बोल्टना हात लावू नका.

चार कामं चार हातांत वाटलीत असं समजा. रुंदी ठरते आतल्या हवेवर. जाडी ठरते स्क्रू आणि निपच्या वेगाच्या गुणोत्तरावर. रेषेची उंची ठरते वाऱ्यावर. एका बाजूची जाड-पातळ ठरते डायच्या मध्यावर आणि वाऱ्याच्या समतोलावर. एक फिरवला की दुसरं थोडं हलतं, म्हणून बदल केल्यावर फुगा आणि वरपर्यंतची फिल्म नवी होईस्तोवर थांबा. ज्याला थांबवत नाही त्याचा माल दिवसभर लाटेत जातो, एकदा जाड, एकदा पातळ.

जाडी गोलात सारखी करणं

रोलवरून पूर्ण रुंदीची एक पट्टी आडवी कापा. नळी उघडून तिचा सगळा परीघ सपाट करा, सोळा सारखे भाग पेनाने आखा आणि प्रत्येक ठिकाणी मायक्रोमीटरने जाडी घ्या. पट्टीवर सुरुवातीची जागा डायच्या कोणत्या बोल्टवर येते ती खूण असायलाच हवी, नाहीतर सगळी मापं वाया जातात. डाय किंवा वरची ओढणारी चौकट आळीपाळीने फिरणारी असेल तर माप घेताना तिचं फिरणं थांबवा.

५० मायक्रॉनच्या ऑर्डरला समजा एका बाजूला ५५ आणि समोर ४५ येतंय. जाड बाजूला वितळीची फट मोठी आहे, ती बंद करायची. पण आधी समोरचा बोल्ट किंचित सैल करा, मग जाड बाजूचा किंचित आवळा. डाय पूर्ण गरम असतानाच हे करायचं. एकदा हलवलं की नव्या मालाची पट्टी येईपर्यंत थांबा. पूर्ण सारखी जाडी कधीच मिळत नाही, साध्या मशीनवर पाच-सात टक्क्यांच्या आत आली तर ती चांगली. उरलेला फरक एकाच जागी साचून रोलवर उंचवटा येऊ नये म्हणून तर डाय किंवा चौकट फिरवतात.

वरचा भाग

लाकडी पट्ट्यांची चपटी करणारी चौकट, निप आणि डाय, यांचा मध्य एका रेषेत हवा. निपच्या मध्यातून डायच्या मध्यावर ओळंबा सोडून बघा. गवंडी भिंतीला लावतो तोच. तो अर्धा इंच सरकलेला असेल तरी फिल्मला तिरक्या सुरकुत्या पडतात आणि त्या कितीही हवा-वारा फिरवून जात नाहीत. चौकटीच्या पट्ट्यांवर लाकडाचं उठलेलं कुसळ असेल तर त्याचा ओरखडा शेकडो मीटरवर जातो, हात फिरवून तपासत राहा. गझेट (कडेची आत दुमडलेली घडी) हवी असेल तर तिच्या फळ्या दोन्ही बाजूंनी सारख्या आत ढकला.

छपाईच्या मालाला कोरोना ट्रीटमेंट, म्हणजे विजेने पृष्ठभाग शाई धरण्याजोगा करणं, लागते. साधं पॉलिएथिलीन शाई धरत नाही. ३८ डाइन (पृष्ठभाग शाई किती धरेल याचं माप) किंवा त्याहून जास्त आलं का ते डाइन पेनने तपासा: शाईची रेघ थेंबाथेंबात न फुटता सलग राहिली पाहिजे. ट्रीटमेंट दिवसांनी उतरते, म्हणून रोलवर तारीख लिहा. ट्रीटरजवळ ओझोनचा उग्र वास येतो, तिथे एक्झॉस्ट हवाच.

वाइंडरवर ताण बेताचा ठेवा. फिल्म गुंडाळल्यावरही आकसत असते. करकचून गुंडाळलेला रोल दुसऱ्या दिवशी आतला कागदी कोअर दाबतो आणि पदर चिकटतात. मुंबईच्या पावसाळ्यात कोअर ओल धरून मऊ पडतात. ते भिंतीला आणि फरशीला न टेकवता उंचावर ठेवा.

माल बिघडतो तेव्हा

फिल्मवर बारीक कडक दाणे दिसले तर जाळी, रिप्रो आणि बॅरलमध्ये कुठे माल जळतोय का ते बघा. एकाच जागी सलग उभी रेघ येत असेल तर डायच्या ओठावर जळलेलं प्लास्टिक बसलंय. ते पितळेच्या पट्टीनेच काढा. स्क्रूड्रायव्हरने काढलंत तर ओठावर कायमचा ओरखडा पडतो आणि ती रेघ डाय बदलेपर्यंत जात नाही. एलएल चालवताना पृष्ठभाग खरखरीत झाला तर डायची फट लहान आहे किंवा डाय थंड आहे. फट वाढवा, डाय थोडी तापवा, नाहीतर प्रोसेसिंग एडचा, म्हणजे वितळ डायमधून सहज सरकवणाऱ्या द्रव्याचा, मास्टरबॅच वापरा. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, डायच्या आत थर बसायला वेळ लागतो.

नळीच्या दोन भिंती चिकटून पिशवी उघडत नसेल तर आधी रेषेची उंची बघा. ती फार वर असेल तर फिल्म गरमच निपमध्ये जातेय. मग निपचा दाब आणि वाइंडरचा ताण बघा. स्लिप, म्हणजे फिल्म सुळसुळीत करणारं द्रव्य, वाढवायचा विचार शेवटी. स्लिप एजंट फिल्मच्या पोटातून पृष्ठभागावर यायला बराच वेळ घेतो, म्हणून आज चिकटलेल्या फिल्मची खरी परीक्षा उद्या. आजच दुप्पट घातलंत तर उद्या त्या फिल्मवर ना शाई बसेल ना सील.

फुगा उभ्या दिशेत सहज फाटत असेल, विशेषतः एचएमचा, तर मान आखूड पडतेय. एचएमला मानेची उंची डायच्या व्यासाच्या सात-आठ पट द्यावी लागते, तेव्हा कुठे फुगताना तो आडवाही नीट ताणला जातो.

कोणाच्या हातावर वितळ पडली तर तो हात लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली धरा आणि वीस मिनिटं तिथेच ठेवा. चिकटलेलं प्लास्टिक ओढून काढू नका, कातडी निघून येते. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. जवळचं भाजलेल्यांचं रुग्णालय कुठे आहे ते सुरक्षेच्या पाटीवर लिहिलेलं असावं. नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे.

बंद करणं

हॉपरची पट्टी बंद करून दाणा थांबवा. एचएम किंवा रंगीत माल चालवला असेल तर शेवटी थोडं साधं एलडी फिरवून आतला माल बाहेर काढा. डाय रिकामी ठेवू नका. आत एलडी भरलेलं राहिलं तर हवा लागून माल जळत नाही आणि दुसऱ्या दिवशी काळे ठिपके कमी येतात. डायचा ओठ गरम असतानाच पितळेच्या पट्टीने पुसून घ्या, गार झाल्यावर ते काम दुप्पट होतं.

हीटर बंद केले तरी घशाचं पाणी लगेच बंद करू नका. बॅरलची उष्णता मागे सरकत राहते, ती उतरेपर्यंत पाणी वाहू द्या. मध्येच वीज गेली तर सगळ्यात आधी निप उघडून फिल्म कापा, स्क्रूचा वेग शून्यावर आणा, नाहीतर वीज परत आल्यावर मोटर थेट चालू होईल. मग तापवणं पुन्हा पूर्ण करा, कितीही वेळ गेला तरी.

वेस्ट ग्रेडप्रमाणे आणि रंगाप्रमाणे वेगळ्या गोणीत भरा, त्यावर तारीख आणि दाण्याचं नाव लिहा. एलडीच्या गोणीत मूठभर पीपी (पॉलिप्रॉपिलीन) गेलं तरी पुढच्या रिप्रोत कडक दाणे येतात. पुढच्या पाळीच्या माणसाला तोंडी सांगण्यापेक्षा वहीत लिहा: ग्रेड, झोनची तापमानं, स्क्रूचा वेग, निपचा वेग, मीटरचं वजन, रेषेची उंची आणि शेवटी कोणता बोल्ट किती हलवला.